दऱ्यांचा दर्या

भोरमध्ये घरी बसून लॅपटॉप बडवणाऱ्या बाईला लोक एक प्रश्न हमखास विचारतात, तू नक्की करतेस काय? शेजारच्या काकूंना मी एकदा प्रामाणिकपणे सांगून पाहिलं की मी एक्सएसएलटी लिहिते. त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि मेथी कशी निवडावी याकडे वळल्या. तेव्हापासून मी सांगते, लोकांनी टाइप केलेला मजकूर निवडायचं माझं काम आहे, तांदूळ निवडतात तसं. हे सगळ्यांना पटतं, आणि फारसं खोटंही नाही.

पुस्तकाचा किंवा शब्दकोशाचा मजकूर संगणकाला नीट कळायचा तर त्याच्या प्रत्येक भागाला नावाची चिठ्ठी लागते. हा शब्द, हे गाव, हा अर्थ. अशा चिठ्ठ्या लावलेला मजकूर एका रूपातून दुसऱ्या रूपात न्यायचा, म्हणजे छपाईसाठी वेगळा आणि वेबसाइटसाठी वेगळा करायचा, तर एक्सएसएलटी ही संगणकभाषा लागते. पण माणसं काही चिठ्ठ्या लावून टाइप करत नाहीत. ती सरळ एक ओळ टाइप करतात आणि चहाला उठतात. ती ओळ कुठे तोडायची हे सांगायला मला चिन्हांच्या भाषेत नमुना लिहावा लागतो: आधी अक्षरं, मग रेघ, मग कंसात गाव, मग पूर्णविरामापर्यंत अर्थ. त्या नमुन्याला आम्ही रेगेक्स म्हणतो.

मला ही रेगेक्स मनापासून आवडते, आणि त्यातही एक्सएसएलटीतली. कारण सांगते. उलटी तिरकी रेघ आणि पुढे डब्ल्यू, \w, असं लिहिलं की त्याचा अर्थ "शब्दातलं कुठलंही अक्षर". बाकीच्या कित्येक ठिकाणी ही खूण देवनागरी दिसली की मान टाकते. काना-वेलांटीला ती अक्षरच मानत नाही, आणि "पाणी" या साध्या शब्दाचे तुकडे करून तुमच्यासमोर ठेवते. एक्सएसएलटीत काना, मात्रा, उकार, अनुस्वार सगळे घरचे. अंकाची खूण दिली तर ती आपल्या ५ लाही अंक म्हणून ओळखते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी एकटीच खोलीत "वा!" म्हणाले होते. कुठल्या तरी लांबच्या देशात बसून कुणीतरी नियम लिहिला, आणि त्यात माझी वेलांटी मोजली.

आणखी एक गोष्ट. नमुना लावला की मजकूर दोन कप्प्यांत जातो, जुळलेला आणि न जुळलेला. न जुळलेला तुकडा एक्सएसएलटी फेकून देत नाही. तोही तुमच्या हातात ठेवते आणि म्हणते, आता याचं काय करायचं ते तू ठरव. मी काय ठरवलं, तीच ही गोष्ट आहे.

आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. या गोष्टीतले मास्तर आयुष्यभर भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या गाड्यांवर होते. कधी हिर्डोशीकडे, कधी पालीला, आणि पुष्कळदा मुक्कामी गाडीवर. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात पोचायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपायचे आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परत. बाकीचे कंडक्टर जेवण होईपर्यंत पत्ते खेळत. मास्तर पारावर म्हाताऱ्यांशेजारी बसत आणि शब्द गोळा करत. पाण्याचे, उतारांचे, भातखाचरांचे, गुरांच्या खोड्यांचे शब्द. प्रत्येक शब्दापुढे कुठल्या गावचा ते, त्याचा अर्थ, आणि तिथल्या माणसाच्या तोंडचं एक वाक्य. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडे अकरा वह्या होत्या. सहा हिर्डोशीच्या बाजूच्या, पाच वेल्ह्याच्या.

पुण्याच्या एका छोट्या प्रकाशकाने त्या छापायचं कबूल केलं. आधी हिर्डोशीचा भाग, मग वेल्ह्याचा. टाइप करायचं काम गेलं आमच्या बाईंकडे आणि नंतरची निवडानिवड माझ्याकडे.

बाई म्हणजे टायपिंगच्या बाई. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा क्लास होता. भोरमधल्या निम्म्या कचेऱ्यांत ज्यांची बोटं चालतात त्यांना बाईंनी शिकवलंय. दहावीनंतरच्या सुट्टीत मीही तिथे होते. बाई कधी ओरडत नसत. पाठीमागून चालत यायच्या आणि मशीनचा आवाज ऐकूनच सांगायच्या, "तुझी करंगळी आळशी आहे." मशीनं गेली, संगणक आले, तेव्हा साठीच्या जवळ पोचलेल्या बाई पुन्हा पहिल्या पाठापासून शिकल्या. मागच्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तरी मास्तरांच्या सहा वह्या, निम्म्या त्याआधी आणि निम्म्या नंतर, त्यांनीच टाइप केल्या, कारण मास्तरांचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागतच नव्हतं.

बाईंची फाइल उघडली तेव्हा मी अक्षरशः सुखावले. माझ्या धंद्याचं अर्धं पोट लोकांच्या बेशिस्तीवर चालतं. एकाच पानावर तीन जातींच्या रेघा, कंसाआधी कधी जागा सोडलेली, कधी नाही, पूर्णविराम मनाला येईल तसा. बाईंच्या फायलीत पहिल्या नोंदीला जे होतं तेच शेवटच्या नोंदीला. शब्द, एक जागा, रेघ, एक जागा, कंसात गाव, अर्थ, पूर्णविराम, अवतरणात वाक्य. उदाहरणार्थ:

पऱ्या – (हिर्डोशी) पावसाळ्यात वाहणारा लहान ओढा. ‘पऱ्या उतरला की मग जा.’

मी नमुना लिहायला दहा मिनिटंही घेतली नाहीत. एरवी दोन दिवस जातात. हजारो नोंदी सरसर कप्प्यात जाऊन बसल्या. नियमित म्हणतात ते काय असतं हे त्या दिवशी मला कळलं. नमुन्याची हुशारी फार तर चार आण्यांची, उरलेली सगळी बाईंच्या बोटांची.

फक्त पंचवीस-तीस नोंदी जुळेनात. गंमत म्हणजे डोळ्यांना त्यांत काही खोट दिसत नव्हती. "पऱ्या" होता, "वाऱ्याची खिंड" होती, "झऱ्याचं वावर" होतं. संगणकात प्रत्येक अक्षराला, खुणेला एक क्रमांक असतो; त्या शब्दांतले सगळे क्रमांक मी छापून पाहिले. सगळ्यांत एक पाहुणा सापडला, ८२०५ क्रमांकाचा. रुंदी शून्य, दिसत नाही, छापलं जात नाही. \w त्याला अक्षर मानत नव्हती, म्हणून नोंदीचा शब्द मध्येच तुटत होता. अर्थ आणि वाक्य यांत नमुना काहीही चालवून घेतो, तिथे तो असला तरी अडत नव्हतं.

आता इथे कुणीही शहाणं माणूस थांबून विचारतं, हा पाहुणा फक्त अशाच शब्दांत का? मी अतिशहाणी निघाले. मला वाटलं, मजकूर इकडून तिकडे चिकटवताना असला केरकचरा येतोच. मी एक ओळ लिहिली: असली सगळी अदृश्य चिन्हं, सगळ्या मजकुरातून, काढून टाक. पुन्हा चालवलं. न जुळलेल्या नोंदी, शून्य. त्या शून्याकडे बघून मी स्वतःची पाठ थोपटली, फाइल पुण्याला पाठवली आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. मजकूर डोळ्यांखालून घातला नाही. शून्य आल्यावर वाचायचं कशाला?

काही आठवड्यांनी, एका सोमवारी, मास्तरांचा फोन आला. "पोरी, प्रूफं आली पुण्यास्नं. बगितलीस का तू?"

"नाही अजून."

"बगू नगंस, जेवान जायचं न्हाई. माझ्या दऱ्या कुठं ग्येल्या गं? जितं तितं दर्या! हिर्डोशीत समिंदर कवा आला? म्हाताऱ्याचं, वाऱ्याचं, समद्याचं वाटुळं झालंया. र डोक्यावर जाऊन बसलाय."

मास्तरांचा आवाज मग खाली आला. "बाईंस्नी बोललो म्या काल, प्रूफंबी दिऊन आलो. रागानं न्हाई बोललो. म्हनलं, बाई, वय झालं आता. तुमचंबी आन माझंबी. डोळ्याचं आप्रेशन झालंय न्हवं त्यांच्या. त्या काईच बोलल्या न्हाईत बग. तू तेवडं नीट करून घे, तुला कळतंय त्यातलं."

फोन ठेवला आणि मी बाईंची मूळ फाइल उघडली. दऱ्या जिथल्या तिथे होत्या. एकूण एक.

झालं होतं ते असं. मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. सूर्यातला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. दऱ्यांमधला र आडवा होऊन पुढच्या अक्षराला बिलगतो. संगणकाला हा फरक सांगायची हल्ली सोपी कळ आहे, पण बाई शिकल्या तेव्हा त्यांना शिकवलेली रीत अशी होती: र, मग पाय मोडायचा, मग तीन बोटांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एकचा आकडा असं एकदम दाबायचं, मग य. त्या तीन बोटांनी जे उमटतं तेच ते ८२०५. मी ज्याला कचरा समजले ती बाईंनी दर वेळी मुद्दाम, बोटं ताणून दाबलेली कळ होती. ती काढली की र उडी मारून डोक्यावर बसतो आणि डोंगरातल्या दरीचा समुद्र होतो. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं. पण वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं, आणि ते वांगं म्हणजे बाई.

अदृश्य चिन्हं काढणारी ती ओळ मी खोडली. नमुन्यात एक बदल केला, की या अदृश्य पाहुण्यालाही शब्दातलंच धर. दोन मिनिटांचं काम. आणि मग मला जे सुचलं ते लिहायलाही लाज वाटते. बाईंचा संगणक जूनमध्ये वीज पडून जळाला होता. मूळ फाइल जगात फक्त माझ्याकडे होती. दुरुस्त फाइल मी मुकाट पाठवली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. उलट मास्तर म्हणाले असते, पोरीनं केवढं निस्तरलं.

मी काही ठरवलं नाही. फक्त गप्प राहिले. मंगळवार गेला, बुधवार गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. फोन वाजला तरी दचकायचे. गुरुवारी भाजीच्या बाजारात बाई समोरून आल्या. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. मला बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, माझ्यामुळे तुझं काम वाढलं. मला दिसतच नाही बघ आता नीट. आणि कमाल अशी की मला वाटायचं, दिसतंय."

आणि मी म्हणाले, "असू दे बाई, होतं असं."

त्या वाक्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. बाईंनी मान हलवली. मास्तरांना निरोप धाडलाय, म्हणाल्या, की वेल्ह्याच्या वह्या दुसऱ्या कुणाला द्या. मग कोथिंबिरीची एक जुडी उचलून, नीट न बघताच पिशवीत टाकून गेल्या. चाळीस वर्षं बोटांवर विश्वास ठेवून जगलेली ती बाई कोथिंबीर निवडायलाही घाबरत होती. तेवढं मी केलं होतं.

शुक्रवारी मी फाइल पाठवायला बसले. आधी एकदा तपासायचं ठरवलं, आणि या वेळी वाचून, कारण इथे रेगेक्सचा इलाज चालत नाही. र आणि य किंवा ह एकत्र आले की नमुना ते दाखवू शकतो, पण तिथे सूर्य हवा की दरी हे त्याला काय ठाऊक? ते वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. तेव्हा अशा सगळ्या जागा मी समोर मांडल्या आणि एकेक वाचत गेले. सकाळची दुपार झाली. "सूर्य माथ्यावर आला" यात ती कळ नव्हती. "मर्यादा" मध्ये नव्हती. "म्हाताऱ्यानं दऱ्या हिंडून आणलेली वेल" यात दोनदा होती. "गुऱ्हाळ" मध्ये होती, "तऱ्हा" मध्ये होती. मी चूक शोधत होते, आणि खरं सांगायचं तर मनातून एखादी सापडावी अशी इच्छाही करत होते. एक जरी सापडली असती तरी माझं ओझं थोडं हलकं झालं असतं.

एकही सापडली नाही. दोनशेच्या वर जागा. ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या. कळ दाबली तरी पडद्यावर तिचं स्वतःचं असं काही दिसत नाही, आवाज नाही, खूण नाही. तरी जिथे हवी तिथे ती दर वेळी दाबलेली, आणि जिथे नको तिथे एकदाही नाही. मी या धंद्यात पुष्कळ हुशार लोकांच्या फायली पाहिल्यात. असं काम मी कुणाचंच पाहिलेलं नाही, माझं स्वतःचं तर नाहीच. मला रडू आलं, आणि ते पश्चात्तापापेक्षा अभिमानाचं जास्त होतं. या बाईंनी मला शिकवलंय, हे मी कुणाला तरी ओरडून सांगायला हवं होतं, आणि पाच दिवस मी तोंड शिवून बसले होते.

शनिवारी सकाळी लॅपटॉप घेऊन बाईंकडे गेले. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी चहाची वाटही पाहिली नाही. "बाई, चूक तुमची नव्हती. माझी होती," म्हणाले आणि सगळं सांगितलं. पाहुणा, कचरा, शून्य. लॅपटॉपवर त्यांची मूळ फाइल उघडून अक्षरं मोठी केली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. बाईंनी चष्मा लावला. दऱ्यांवरून बोट फिरवलं.

मग विचारलं, "ती तीन बोटांची कळ. तिला नाव आहे का काही?"

"आहे. जोडणारी खूण म्हणतात तिला. रुंदी नसलेली."

"म्हणजे मी दाबत होते ती पोचत होती."

"दर वेळी पोचत होती, बाई. एकदाही चुकली नाही. मी सगळ्या वाचल्या."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. डाव्याही, उजव्याही. पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "मास्तरांना फोन लाव. आवाज मोठा ठेव, मलाही ऐकू दे."

मास्तरांना मी तेच पुन्हा सांगितलं. बाईंसमोर सांगताना सोपं गेलं नाही. मग मास्तर म्हणाले, "बाई हायती का तितं?"

"आहे, बोला," बाई म्हणाल्या.

"बाई, म्या उचलली जीभ आन लावली टाळ्याला. तुमास्नी नगं ते बोललो. लई वंगाळ झालं."

"तुम्ही वाचलंत ते बोललात, मास्तर. तुमचं काय चुकलं? वेल्ह्याच्या वह्या कुणाला दिल्यात का?"

"न्हाई, न्हाई. देतोय कुनाला? कपाटातच हायती. उंद्या पयल्या गाडीनं घिऊन येतो."

फोन ठेवला. मला वाटलं, सुटले. बाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि अगदी सहज विचारलं, "मास्तरांचा फोन तुला सोमवारी आला होता ना?"

"हो."

"आणि फाइल तू सोमवारीच बघितलीस."

"हो, बाई."

"म्हणजे गुरुवारी बाजारात तुला माहीत होतं."

मी मान खाली घातली. बाई उठून आत गेल्या आणि एक शंभर पानी वही घेऊन आल्या. आमच्या क्लासात एक नियम होता. जो शब्द चुकला तो दहा वेळा लिहायचा, आणि मशीनवर नाही, हाताने. बाईंनी ती वही माझ्यासमोर उघडली. निळ्या शाईत, रेघ न सोडता, त्यांनी प्रूफातला एकेक चुकलेला शब्द दहा दहा वेळा लिहिला होता. दऱ्या. झऱ्याला. म्हाताऱ्यानं. वाऱ्याची. पानामागून पान. न केलेल्या चुकीची शिक्षा त्यांनी सोमवारपासून रोज थोडी थोडी भोगली होती. शेवटची ओळ "खोऱ्यात" ची होती, आणि ती सातव्या वेळेवर थांबली होती.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"इथपर्यंत माझे झालेत," बाई म्हणाल्या. "पुढचे तुझे."